राजनंदिनी घरी आली आहे

"पप्पा, मी घरातनं पळून गेले, तर तुमच्या या घराला ते किती वेळानं कळेल?"

मी हे विचारलं तेव्हा मम्मीच्या हातात आमटीची वाटी होती आणि पप्पांच्या तोंडात भाकरीचा घास. वाटी हवेतच राहिली. पप्पांनी मात्र घास नीट चावून गिळला. त्यांना प्रश्न आवडला होता.

"दोन मिनिटं," ते म्हणाले. "फार तर तीन. मोबाईलला रेंज कमी असली तर."

"आणि कळल्यावर?"

"कळल्यावर काय! तुझ्या खोलीतला दिवा बंद, पंखा बंद, माझ्या मोबाईलवर मेसेज. आणि हा स्पीकर बोलणार, 'राजनंदिनी बाहेर गेली आहे.'" पप्पांचा चेहरा असा खुलला होता, की मी लगेच पळून जाऊन एकदा दाखवावं असंच त्यांना वाटत असावं. "पळायचं काय घेऊन बसलीस? तू कोपऱ्यावर पेन आणायला गेलीस तरी कळतं."

"जेवताना हे काय बोलणं?" मम्मीनं वाटी माझ्या ताटात जवळजवळ आपटली. "पळून जायचं म्हणे. आमटी ओरप मुकाट्यानं."

मी मुकाट्यानं आमटी ओरपली आणि ताटात बघून हसले. एक कच्छी दाबेली जिंकले होते मी, जास्त मसाल्याची.

पैज लावली होती मिस्बाह मुजावर आणि धनश्री हुल्ले या माझ्या दोन मैत्रिणींनी. तेव्हा आम्ही आठवीत होतो. आता दहावीत आहे आणि वर्गात मला गप्प करायला बाईंना डस्टर आपटावा लागतो. पण तेव्हा नुकतीच मला वाचा फुटत होती. सातवीपर्यंत मी अशी होते, की हजेरीला मी म्हटलेलं 'हजर' बाईंपर्यंत पोचायचंच नाही. पहिल्या बाकावर बसून माझी गैरहजेरी लागायची. म्हणूनच धनश्री म्हणाली होती, "तू? तू पप्पांना हे विचारणार? तू खिडकी उघडू का म्हणून विचारत नाहीस, घाम पुसत बसतीस."

मला बोलकं केलं ते खो-खोनं. खो-खोत 'खो' पुटपुटून चालत नाही. बसलेलीच्या पाठीवर थाप मारायची आणि गळ्यातनं असा आवाज काढायचा की पलीकडच्या यंत्रमागाच्या खडखडाटातही तो ऐकू गेला पाहिजे. आमच्या इचलकरंजीत हे सोपं काम नाही. पहिल्या दिवशी पोवार सर मला म्हणाले, "मगदूम, मांजर दूध मागतंय काय? खो दे, खो!" तीन महिन्यांनी तेच सर कानात बोट घालून म्हणाले, "बास. आता जरा कमी दे."

तर, घर. पप्पांचं दुकान आहे सीसीटीव्ही कॅमेरे आणि इन्व्हर्टरचं. गिऱ्हाईकाच्या घरी जे बसवायचं ते आधी आमच्या घरी बसवून बघायचं, ही त्यांची पद्धत. त्या वर्षी त्यांनी घरालाच शहाणं करायचं ठरवलं. आमच्या तिघांचे मोबाईल घराला ओळखायला शिकवले. कुणाचा मोबाईल घराजवळ आला की घर समजायचं, माणूस आला. मग त्याच्या खोलीतला दिवा लागायचा, पंखा फिरायचा आणि हॉलमधल्या स्पीकरमधनं एक बाई अत्यंत शुद्ध मराठीत जाहीर करायची, "राजनंदिनी घरी आली आहे." घरात मला सगळे नंदू म्हणतात. पूर्ण नाव घेणारी ती एकटीच.

मिस्बाहनं पहिल्यांदा ऐकलं आणि ती कॉटवर आडवी पडून हसली. "अगं, ही तर सासू! कोण आलं, कोण गेलं, कधी गेलं, सगळ्यावर डोळा!" तेव्हापासून आमच्यात तिचं नाव सासूबाई पडलं. रोज सकाळी शाळेत पहिला प्रश्न, "काय म्हणतात सासूबाई?"

मला मैदानावर जायची परवानगी मिळाली होती ती या सासूबाईंच्या भरवशावर. मम्मी पतसंस्थेत, पप्पा दुकानात, शाळा सुटल्यावर घरी कोणी नाही. पप्पांनी त्यांचा जुना फोन मला दिला आणि अट घातली: फोन कायम दप्तरात, आणि दिवेलागणीला घरात. "तू कुठं आहेस ते मला दुकानात बसून दिसलं पाहिजे. दिसतंय तोवर खेळ." मला काय, मला खेळायला मिळाल्याशी कारण. आणि त्या रविवारी तर जिल्ह्याच्या चौदा वर्षांखालच्या संघाची निवड चाचणी होती. पोवार सर कुणाची उगाच स्तुती करत नाहीत. ते मला म्हणाले होते, "पळतीस तसं पळलीस, तर तू आत आहेस बघ."

सोमवारी मी प्रश्न विचारला. मंगळवारी मैदानावर कुत्र्यानं धनश्रीच्या डब्यातली चपाती पळवली. बुधवारी माझं खो-खो बंद झालं.

बुधवारी संध्याकाळी मी घरी आले तर पप्पा आणि मम्मी सोफ्यावर शेजारी शेजारी बसलेले. टीव्ही बंद. आमच्याकडे त्या वेळी टीव्ही बंद असला तर नातेवाइकांत कुणीतरी गेलेलं असतं.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"कुठं होतीस?" पप्पा म्हणाले.

"ग्राऊंडवर."

"फोन?"

"दप्तरात. हा काय."

"ग्राऊंडवर असताना कुठं होता?"

"दप्तरातच की. असं काय विचारताय?"

पप्पांनी त्यांचा मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यावर सासूबाईंचा जबाब होता. शाळा सुटल्यावर थोड्याच वेळात 'राजनंदिनी घरी आली आहे.' दिवस मावळताना 'राजनंदिनी बाहेर गेली आहे.' आणि आत्ता पुन्हा 'घरी आली आहे.' त्याच्यावर मंगळवारच्याही अशाच नोंदी होत्या.

"मी आलेच नव्हते!"

"ते मलाही ठाऊक आहे," पप्पा म्हणाले. "मधेच मी घरी येऊन गेलो. म्हटलं, पोरगी लवकर आली, गरम भजी न्यावीत. बघतो तर दाराला कुलूप. आत तुझ्या खोलीत दिवा लागलेला, पंखा गरगरतोय, आणि खोलीत कोणी नाही. याचा अर्थ काय?"

"काय?"

"फोन घरात होता. तू नव्हतीस."

मला कळायलाच वेळ लागला. आणि कळलं तेव्हा इतकं विचित्र वाटलं की मी हसले. ते हसणं महागात पडलं.

"हसतेस काय?" मम्मी उसळली. "फोन घरात ठेवायचा, म्हणजे घराला वाटावं तू आहेस, आणि आपण उंडगायला मोकळं. कुठं जातेस? कोण आहे बरोबर?"

"मम्मी, मी ग्राऊंडवर होते! हे बघ गुडघे!"

"गुडघे कुठंही फुटतात."

"फोन घरात होता तर तो तुम्हाला सापडायला पाहिजे होता ना?" मी पप्पांना म्हणाले.

"लावला मी. नुसती रिंग जात होती. सायलेंटवर होता." पप्पांनी क्षणभर खाली बघितलं. "सगळीकडे शोधला. उशीखाली, पुस्तकांत, कपाटात. कुठं लपवतेस तेवढं सांग."

मी खोलीत जाऊन कपाट उघडलं. सगळे कपडे घडी घालून परत ठेवले होते, पण पुरुषाच्या हातच्या घड्या लगेच कळतात. ओढणीची सुद्धा चौकोनी घडी घातली होती, गिऱ्हाईकाला द्यायच्या वायरसारखी. मी बाहेर आले. हसू गेलं होतं.

"सरांना विचारा ना," मी म्हणाले.

"सर कालपासून कोल्हापुरात आहेत, तूच म्हणालीस. आणि विचारायचं काय?" मम्मी म्हणाली. "आमची पोरगी संध्याकाळी कुठं असते ते तुम्हाला माहीत आहे का? उद्या सगळ्या पेठेत बोभाटा होईल."

"मग मिस्बाहला विचारा. धनश्रीला विचारा."

"त्या तुझ्याच."

"पप्पा, तुमचं मशीन चुकतंय."

"मशीनचं काय तुझ्याशी वैर आहे?" पप्पा शांतपणे म्हणाले, आणि ते शांतपणे बोलतात तेव्हा विषय संपलेला असतो. "परवा जेवताना तूच विचारलंस. पळून गेले तर किती वेळानं कळेल. मी मूर्खासारखा सगळं समजावून सांगत बसलो. खो-खो बंद. रविवारी चाचणीबिचणी काही नाही."

दाबेलीच्या पैजेचं मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या क्षणी ते खोटं बोलल्यासारखंच ऐकू आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही तिघी पाण्याच्या टाकीमागे बसलो. मी रडून घेतलं. धनश्री म्हणाली, "तुझ्या सासूला मोतीबिंदू झालाय," आणि मी रडता रडता हसले, मग पुन्हा रडले. मिस्बाह मात्र नखं खात विचार करत होती. नखं खाताना ती सगळ्यांत हुशार असते.

"थांब," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत सासूबाई बरोबर बोलत होत्या ना?"

"हो."

"मग मंगळवारी काय बदललं?"

"काही नाही. तेच ग्राऊंड, तोच फोन, तेच बूट."

"मंगळवारी माझी चपाती गेली," धनश्री म्हणाली.

"तुला चपातीचं पडलंय!"

"पडणारच. गूळ-तूप लावलेली होती."

मिस्बाहनं नख तोंडातनं काढलं. "नंदू. चपाती गेल्यावर काय झालं?"

"काय झालं? सर कुत्र्यामागे धावले. मग कोल्हापूरला जाताना सांगून गेले, उद्यापासून गुलमोहराखाली डबे-दप्तरं नकोत, सगळी..." मी थांबले. "सगळी क्रीडा मंडळाच्या ऑफिसात ठेवा. मंगळवारी तेव्हाच उचलून नेली आपण!"

"म्हणजे फोन झाडाखाली असतो तेव्हा सासूबाईंना तू मैदानावर दिसतीस. ऑफिसात ठेवला की घरी."

"पण असं का?" धनश्रीनं विचारलं. "ऑफिसात काय तुझं घर आहे?"

ते आम्हा तिघींनाही ठाऊक नव्हतं. पण कुठं हात घालायचा ते कळलं होतं.

त्या संध्याकाळी पप्पा दुकानातनं आले तेव्हा मी दारातच उभी होते. "पप्पा, माझं ऐकून घ्या. ग्राऊंडच्या ऑफिसात फोन नेला की घराला चुकीचं कळतंय. आपण तपासू या."

"आणि तिथं जायचं कारण मिळेल, असंच ना?"

"मी येत नाही हवं तर. तुम्ही फोन घेऊन जा."

"नंदू, दमलोय मी."

एरवी मी इथंच खोलीत निघून गेले असते. त्या दिवशी पाय हललेच नाहीत. "पप्पा, गिऱ्हाईकाचा कॅमेरा चुकीचं दाखवायला लागला की तुम्ही काय करता? वायर तपासता, का गिऱ्हाईकाच्या पोरीला ओरडता?"

मम्मी स्वयंपाकघरातनं बाहेर आली. पप्पांनी चप्पल काढता काढता माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बसते एक.

"तो धंदा आहे," ते म्हणाले. "हे घर आहे." आणि आंघोळीला गेले.

शुक्रवारी सकाळी मम्मी माझी वेणी घालत होती. रोज ती वेणी घालताना पतसंस्थेतल्या गोष्टी सांगते, कुणाची बदली, कुणाचं लग्न. त्या दिवशी गप्प होती. दुसरी वेणी अर्ध्यावर आल्यावर तिचा हात थांबला.

"नंदू, खरंच पळून जावंसं वाटतं का गं तुला?"

आरशात तिचे डोळे लाल दिसत होते. मी वळायला गेले तर वेणी ओढली गेली.

"अगं मम्मी, पैज होती! मिस्बाह आणि धनश्री म्हणाल्या, तुझी हिंमत होणार नाही विचारायची. म्हणून विचारलं."

"कशाची पैज?"

"कच्छी दाबेलीची."

 मम्मीनं वेणी अशी आवळली की माझे डोळे तिरळे झाले. "दाबेली! एका दाबेलीपायी चार रात्री माझ्या डोळ्याला डोळा नाही! सांगता येत नव्हतं?"

"कुणी विचारलं कुठं? तुम्ही थेट कपाटच उघडलं."

मम्मीनं रिबिनीची गाठ मारली. मग तिनं हाक मारली, "अहो! उद्या दुपारी दुकान बंद ठेवा."

"शनिवारी? गिऱ्हाईकं असतात."

"असू देत. वायर तपासायची आहे."

शनिवारी दुपारी आमच्या घरी प्रयोगाची तयारी झाली. मम्मी घरी थांबणार, तिच्या मोबाईलवर पप्पांचा कॉल चालू. मी आणि पप्पा स्कूटरवर. माझा फोन पप्पांच्या शर्टाच्या खिशात, बटण लावून. मी त्याला हात लावायचा नाही, अशी अट.

कॉर्नर ओलांडला आणि पप्पांच्या मोबाईलमधनं मम्मीचा आवाज आला, "बाहेर गेली म्हणाली ती. पंखा बंद झाला. चालू दे."

मैदानावर शनिवारी दुपारी कोणी नसतं. फक्त ऑफिसचं दार उघडं होतं. आम्ही आधी गुलमोहराखाली उभे राहिलो. पप्पा एकदा माझा फोन ठेवलेल्या खिशाकडे, एकदा स्वतःच्या मोबाईलकडे बघत होते.

"काही बोलली का?" त्यांनी मम्मीला विचारलं.

"नाही. गप्प आहे."

आम्ही थांबलो. घाम आला. पप्पांनी रुमाल काढला. "बघ नंदू. बरोबर तर दाखवतंय."

"इथं बरोबरच दाखवणार. आत चला."

"आत गेल्यानं काय..."

"चला तर!"

ऑफिस म्हणजे जाड दगडी भिंतींची एक खोली. आत टेबल, कपाट, कप ठेवायची फळी, आणि खुर्चीत आमचे पोवार सर. आदल्या रात्री कोल्हापूरहून परतलेले.

"काय बाळासाहेब, इकडं कुठं?" ते उठले. "आणि ही दोन दिवस कुठं होती म्हणे? पोरी सांगत होत्या, घरनं बंद केलंय. अहो, उद्या चाचणी आणि..."

"सर, एक मिनिट," मी म्हणाले. सरांना मी गप्प केलं! पण तेव्हा ते लक्षातही आलं नाही. माझं सगळं लक्ष पप्पांच्या हातातल्या मोबाईलवर होतं. त्यातनं आमच्या हॉलचा आवाज येत होता. कुकरची शिट्टी. मम्मीचं खोकणं. पुन्हा शिट्टी. मला वाटलं, आता काहीच होणार नाही, आणि उद्या मी गॅलरीत उभी राहून आमच्या पोरींना टेंपोत बसून जाताना बघणार.

मग लांबनं, त्या बाईंचा शुद्ध, थंड आवाज आला.

"राजनंदिनी घरी आली आहे."

"अगं बाई!" मम्मी किंचाळली. "अहो, हिच्या खोलीतला दिवा लागला! पंखा लागला! अहो, पोरगी तुमच्यासमोर आहे ना?"

"आहे," पप्पा म्हणाले. "समोरच आहे."

"मग ही कोण आली?"

पप्पांनी खिशाचं बटण काढून माझा फोन बाहेर काढला आणि स्क्रीनकडे बघत राहिले. फोन वायफायला जोडला गेला होता. वायफायचं नाव होतं 'मगदूम निवास'.

आमच्या मंडळात एक रीत आहे. कुणी काही दिलं की त्यावर त्याचं नाव रंगवायचं. पंख्याच्या तीन पात्यांवर तीन भावांची नावं आहेत, पंखा फिरला की तिघं एक होतात. खो-खोचा एक खांब कुणाच्या तरी आजोबांच्या स्मरणार्थ आहे, त्यांना मी रोज मिठी मारते. पप्पांनी मान वर केली. मीही केली. कपाटाच्या वर एक पांढरा राऊटर बसला होता, दोन अँटेना उभारून, आणि त्यावर लाल ऑइलपेंटनं वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, 'कै. दत्तोबा मगदूम यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट'.

दत्तोबा म्हणजे माझे आजोबा.

"हा तर आपला जुना राऊटर," मी म्हणाले.

"तुमचाच की," सर म्हणाले. "दसऱ्याला दिला नाही का बाळासाहेबांनी? नारळ फोडून घेतला आम्ही. कपाटातच पडून होता. मंगळवारी इंटरनेटचं कनेक्शन आलं, म्हटलं लावावा. पासवर्ड तेवढा तुम्हाला विचारायचा राहिलाय."

चालू वस्तू भंगारात घालायची नाही, कुणाच्या तरी उपयोगी पडू द्यायची, हा आमच्या घरचा नियम. नवीन घेतला तसा जुना पप्पांनी मंडळाला दिला. त्यातलं नाव आणि पासवर्ड मात्र आमचेच राहिले, कारण वर ऑइलपेंटनं काय लिहायचं याचीच चर्चा आठवडाभर चालली होती.

पप्पा बाकावर बसले. मग हळूहळू, गिऱ्हाईकाला सांगतात तसं, त्यांनी सांगितलं. फोनला वर आभाळ दिसलं की तो उपग्रहाला विचारतो, मी कुठं आहे. जाड भिंतीत शिरला की आभाळ दिसत नाही, मग आजूबाजूच्या वायफायला विचारतो. हा राऊटर चार वर्षं आमच्या हॉलमध्ये होता. फोनच्या लेखी तो जिथं, तिथं मगदूमांचं घर. पप्पांचा स्वतःचा मोबाईल नवा, त्याची या राऊटरशी ओळखच नव्हती.

"म्हणजे फोन इथं आला की त्याला वाटतं घरी आलो," सर म्हणाले. "आणि तुम्ही पोरीला..."

"हो," पप्पा म्हणाले.

"बाळासाहेब, मी इथं नव्हतो, पण पोरी रोज फोनवर सांगत होत्या मला. बुधवारी हिनं सात गडी बाद केले. सात!"

"अहो, झालं काय?" बाकावर ठेवलेल्या मोबाईलमधनं मम्मी ओरडत होती. "ही आली म्हणायची का गेली म्हणायची?"

"ठेव तू फोन. येतो आम्ही," पप्पा म्हणाले. मग सरांकडे बघून, "उद्या कितीला पाठवू?"

माझ्या गळ्यातनं जो आवाज निघाला तो खो नव्हता, पण खोपेक्षा मोठा होता.

परतताना पप्पा एकदम खुशीत. वाटेत स्कूटर थांबवून भडंगाचा पुडा घेतला. मागं बसून मी वाट बघत होते. काहीतरी बोलतील. पप्पा बोललेही, सगळी वाट बोलले. "चूक मशीनची नव्हती बघ, नंदू. मशीन बरोबरच होतं. त्याला दिलेली माहिती चुकीची. मी म्हणत नव्हतो, मशीन उगाच खोटं बोलणार नाही?"

"मी पण बोलले नव्हते," मी म्हणाले. पण तेव्हाच शेजारनं टेंपो गेला.

संध्याकाळी चहा झाला. मम्मीनं माझ्या वाटीत जरा जास्तच भडंग घातलं आणि माझ्या डोक्यावरनं हात फिरवला. पप्पांनी वर्तमानपत्राच्या समासात आकृती काढायला घेतली होती.

"आता कसं करू या," ते म्हणाले. "नुसत्या फोनवर भरवसा नको. एक छोटी चकती मिळते, ती हिच्या दप्तरात. आणि मनगटाला एक पट्टी. फोन, चकती, पट्टी, तिघांचं एकमत झालं तरच घर मानणार, की राजनंदिनी तिथं आहे."

"म्हणजे परत असा घोटाळा नाही," मम्मी म्हणाली.

"घोटाळा? आता ही कुठं उभी आहे ते फुटाफुटानं कळेल. पट्टी तर पाण्यातही चालते." पप्पांनी आकृतीत मी म्हणून एक गोल काढला आणि त्याला तीन बाण जोडले. "बघ नंदू, आता तुला कोण खोटं पाडतंय!"

मी त्या गोलाकडे बघत होते. पप्पा खरंच आनंदात होते. माझ्यासाठीच तर करत होते सगळं. मम्मीही हसत होती. मी वाटी खाली ठेवली आणि उठून उभी राहिले. उभं राहायचं ठरवलं नव्हतं, पण बसून बोलता येईल असं वाटेना.

"पप्पा, मम्मी, मी एक ठरवलंय."

"काय गं?" मम्मी म्हणाली.

"उद्या मी चाचणीला जाणार. पट्टी मी घालणार नाही. दप्तरात चकती ठेवायची नाही. आणि घरातनं माझं नाव आज काढून टाका. तुमची दोघांची ठेवा, दिवे लागू देत. माझं नको."

पप्पांचं पेन थांबलं. "अगं, पण मग तू कुठं आहेस ते आम्हाला कळणार कसं?"

"मी सांगेन."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर विचारा. कपाटाला नाही, मला." माझा आवाज थरथरला, पण मी तो तसाच जाऊ दिला. "कुठं चालले ते जाताना सांगून जाईन. उशीर होणार असला तर फोन करेन. आणि परत आले की बेल वाजवेन. तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी उठायचं आणि दार उघडायचं."